धुऱ्यापार

आमच्या गावचा क्रिकेट क्लब कोणत्या साली निघाला, यावर मोठेबाबा आणि गुरुजी यांचं आजवर एकमत झालेलं नाही. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वय पंच्याऐंशीच्या घरात, जेवायला बोलावलेलं ऐकू येत नाही, पण शेजारच्या घरात लागलेला सामना ऐकू येतो. गुरुजी दोन-तीन वर्षांनी धाकटे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. मोठेबाबांच्या मते विदर्भाचा संघ पहिल्यांदा रणजी खेळला त्या वर्षी क्लब सुरू झाला, म्हणजे १९५७-५८ साली. गुरुजी म्हणतात, साफ चूक, १९७२ची होळी. त्यांच्याजवळ पुरावा आहे: लाल कापडी पुठ्ठ्याची हिशेबवही, पहिल्या पानावर वर्गणीदारांची यादी, माणशी चार आणे. "रजिस्टर असन तर क्लब," ते म्हणतात, "नाही तर नुसता पोट्ट्याइचा खेय." यावर मोठेबाबांचं उत्तर ठरलेलं आहे. "आमच्यापाशी रजिस्टर नोयतं, वावर होतं."

आमचं गाव अकोल्याहून अकोटकडे जाताना पूर्णेच्या पल्याड. गांधीग्रामचा पूल ओलांडला, गूळपट्टीची दुकानं मागे पडली की दोन्ही हातांना सपाट काळी जमीन सुरू होते आणि सातपुड्याची निळी रेघ दिसेपर्यंत तिला खंड नसतो. दगड म्हणून सापडत नाही. मोठेबाबा सांगतात, लहानपणी चिंचा पाडायलासुद्धा ढेकळं वापरावी लागत. मैदानासाठी याहून चांगली जागा देवानं कुठे केली नसेल. फक्त ती सगळीच्या सगळी कुणाच्या ना कुणाच्या सातबाऱ्यावर आहे आणि वर्षातले आठ महिने तिच्यावर पऱ्हाटी उभी असते.

जुनी माणसं सन सांगत नाहीत. 'दीक्षेच्या पुढचा उन्हाळा', 'इंदिराबाई पडल्या ते साल', 'आपली लाल गाय गेली तवा' असं सांगतात, आणि आपण पंचांगाशी मेळ घालत बसायचं. म्हणूनच मोठेबाबांनी एकदम रणजीचा हवाला दिला तेव्हा मी तो जरा जपून घेतला. पण ताळा बसतो. रणजी स्पर्धा १९३४-३५ साली सुरू झाली, तेव्हा आमचा मुलूख 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरार' या लांबलचक नावानं खेळे. १९५०पासून तोच संघ मध्य प्रदेश झाला. १ नोव्हेंबर १९५६ला वऱ्हाड-नागपूरचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले आणि पुढच्याच मोसमात विदर्भाचा स्वतःचा संघ उतरला. त्या १ नोव्हेंबरच्या अठराच दिवस आधी, १४ ऑक्टोबरला, नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा दिली होती आणि आमच्या गावातून बंड्या भरभरून माणसं स्टेशनाकडे गेली होती. सतरा वर्षांच्या मुलानं हे सगळं वर्ष-दोन वर्षांत पाहिलं. ते एका गाठीत बांधून ठेवावं असंच होतं.

त्याआधी गाव काय खेळत होतं? हुतूतू, कुस्ती, आणि मोठ्यांसाठी शंकरपट. पटाच्या बैलजोडीचा मान गावात पाटलाखालोखाल असे. अमरावतीला १९१४ साली निघालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा दबदबा त्या काळी वऱ्हाडातल्या गावागावांत होता. उन्हाळी वर्ग करून आलेला एखादा मास्तर गावी परते आणि मारुतीच्या पारामागे मलखांब रोवला जाई. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये याच मंडळाच्या मुलांनी जर्मनांना हुतूतू आणि मलखांब करून दाखवला होता. ही गोष्ट आमच्या आजोबांना इतकी पाठ होती की जणू तेच लंगोट लावून तिथे उभे होते. क्रिकेट त्यांच्या लेखी अकोल्यातल्या साहेबांचा आणि वकिलांचा खेळ. पहिल्यांदा पाहून ते म्हणाले होते, "दांडक्यानं चेंडू हाणाचा अन् पुन्हा इकडे-तिकडे पाह्यत उभं राहाचं? घाम कवा येते याईले?"

हा खेळ गावात आणला एका जिनवरच्या कारकुनानं. १८६७ साली नागपूरपर्यंत आगगाडी गेली आणि अकोला कापसाच्या पेठेचं गाव झालं. जिन-प्रेसांच्या चिमण्या उभ्या राहिल्या, त्यांच्या मागोमाग इंग्रजी शिकलेले कारकून आले. त्यांतल्या एकाचं आमच्या गावात मामाकूळ होतं. तो सुट्टीत येताना शिवण उसवलेला एक लाल चेंडू घेऊन आला. बॅट नव्हती. गावच्या सुताराला खडूनं जमिनीवर चित्र काढून दाखवलं आणि सुतारानं ती बाभळीची करून दिली. विलोची बॅट किलो-सव्वा किलोची असते, ही बंडीच्या जुवाच्या वळणावर गेलेली. मोठेबाबा म्हणतात, ती उचलून धरली हाच निम्मा खेळ. चेंडू बॅटवर आला तर आला, बॅट चेंडूकडे नेता येत नसे.

पहिलं मैदान आमच्याच घरच्या वावरात होतं. यात मोठेपणा काही नाही; त्या साली आमची पऱ्हाटी लवकर निघाली एवढंच. इथेच आमच्या क्लबाचा सगळा स्वभाव ठरून गेला, असं मला वाटतं. मृगात पेरणी. दिवाळीच्या सुमारास सीतादही करून पहिली वेचणी, मग दुसरी, तिसरी. माघापर्यंत बोंडं संपतात, मग पऱ्हाट्या उपटून त्यांचे भारे बांधायचे. वावर मोकळं होतं ते होळीला. होळी ते रोहिणी हा आमचा मोसम. म्हणजे आपल्याकडचे क्रिकेटवाले ज्या महिन्यांत सावली शोधतात, नेमके ते महिने. अकोल्याचा पारा मे महिन्यात पंचेचाळीसच्या पुढे जातो हे पेपरात दरवर्षी येतं. त्यामुळे सकाळचा डाव नवाच्या आत संपवायचा आणि संध्याकाळचा चारनंतर मांडायचा. एक सामना दोन उन्हं उतरल्यावर पुरा व्हायचा.

उलट रणजीचा, शाळा-कॉलेजांचा, निवड चाचण्यांचा मोसम म्हणजे हिवाळा. त्या दिवसांत आमच्या पोरांच्या कमरेला कापसाचं ओटं बांधलेलं असे. विदर्भाच्या संघात इतकी वर्षं खेड्यातली मुलं का दिसली नाहीत, याची कारणं लोक सांगतात: सोयी नाहीत, प्रशिक्षक नाहीत, ओळख नाही. सगळी खरी. पण आमच्या भागापुरतं पहिलं कारण मी वेगळं सांगेन. क्रिकेटचं पंचांग आणि कापसाचं पंचांग एकमेकांत कधी बसलंच नाही. ज्या दिवशी नागपूरला नेटमध्ये चेंडू पडत होते त्या दिवशी आमचा सर्वांत वेगवान गोलंदाज मजुरांच्या ओळीत वाकून वेचत होता, आणि त्याचे हात वेगानं चालावेत अशीच त्याच्या आईची इच्छा होती.

बरं, मैदान मोकळं होतं म्हणजे आपोआप होत नाही. हे मोठेबाबांनी कधी सांगितलं नाही, आजीनं सांगितलं. पऱ्हाटी उपटल्यावर खाली धसकटं राहतात, तीही अणकुचीदार. त्यांवर अनवाणी पळणं म्हणजे तळपाय फाडून घेणं. ती वेचायच्या बायका, चुलीसाठी. क्लबाच्या पोरांनी त्यांना आर्जव करून ठेवलेलं असे की मधला पट्टा आधी साफ करा. आजी सांगायची, "आमी सरपण नेत होतो, त्याईले वाटे आमी त्याईचं मैदान करून रायलो." तिनं आयुष्यात एकही सामना पाहिला नाही. तिच्या हातानं साफ झालेल्या पट्ट्यावर किती धावा झाल्या ते गुरुजींच्या वहीत आहे.

आता खेळपट्टी. पुस्तकांत वाचतो की काळ्या मातीची खेळपट्टी संथ असते, फिरकीला साथ देते. आमची काळी माती एवढी सभ्य नाही. पावसात ती फुगते, उन्हात आकसते, आणि एप्रिलमध्ये तिला अशा भेगा पडतात की हात कोपरापर्यंत आत जावा. चेंडू भेगेत गेला की खेळ थांबायचा. यावर ज्येष्ठांनी नियम केला: भेगेत गेलेला चेंडू क्षेत्ररक्षकाला दिसत असेल तर पळता येईल तितक्या धावा, दिसत नसेल तर दोन धावा आणि सगळ्यांनी मिळून शोधायचा. शोधताना हातात काठी हवीच. कारण भेगेत चेंडूच्या आधीपासून कोणी राहत असण्याची शक्यता असे. विंचवानं एकदा पंचालाच बाद केलं होतं.

खेळपट्टीपुरत्या भेगा बुजवायच्या तर पाणी हवं, आणि पाण्यातच आमचं घोडं पेंड खातं. आमचा हा सगळा खारपाणपट्टा. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत तो पसरला आहे. विहीर खणली तर पाणी लागतं, पण खारं. १९३०च्या सत्याग्रहात समुद्र नाही म्हणून वऱ्हाड अडून राहिलं नाही. आमच्याच शेजारच्या दहीहांड्याला विहिरीच्या खाऱ्या पाण्याचं मीठ काढून लोकांनी कायदा मोडला. आमच्या म्हाताऱ्यांना याचा अभिमान आहे आणि तो रास्तच आहे, पण तेच पाणी खेळपट्टीवर घातलं की काय होतं हे त्यांना क्रिकेटनं शिकवलं. पहिले काही दिवस पट्टी सिमेंटसारखी कडक. चेंडू गुडघ्याहून छातीपर्यंत उठायला लागतो, गोलंदाज खूश. मग वरचा पापुद्रा सुटतो, खालून पांढुरकी भुकटी निघते आणि माती चोपण होते. त्या जागी पुढच्या खरिपात कापूस खुरटा येतो. ज्याच्या वावरात हे झालं त्या कास्तकारानं दुसऱ्या साली मैदान दिलं नाही. त्याला दोष कोण देणार?

यावर तोड निघाली बारदानाची. जिनातून फाटकी पोती आणून, उसवून, एकमेकांना टाचून त्यांची लांब पट्टी करायची आणि चारी बाजूंनी खुंट्या मारायच्या. शहरातले क्लब काथ्याच्या मॅटिंगवर खेळत, आमचं हे तागाचं. टाचायचं काम गावच्या टेलरचाचांकडे. पॅडही त्यांनीच शिवले. बाहेरून बारदान, मधे बांबूच्या कामट्या, आत पिंजाऱ्याकडून पिंजून आणलेली रुई. कापूस आमच्या गावचा, पिंजणारा आमच्या गावचा, शिवणारे चाचा आमच्या गावचे. एवढं अस्सल वऱ्हाडी पॅड बांधून मोठेबाबा सलामीला जात. जानेवारीत गादी म्हणून वापरता आलं असतं असं ते होतं; मे महिन्यात मात्र पाय उकडून निघत. चाचा स्वतः यष्टिरक्षक होते. चेंडू सोडला तर खेळाडू त्यांना काही म्हणत नसत, कारण पॅडचं बिल थकलेलं असे.

पैशाचा हिशेब सोपा होता. पैसा चुकाऱ्याला येई. १९७२ला राज्यात कापूस एकाधिकार खरेदी आली आणि कापूस व्यापाऱ्याऐवजी फेडरेशनच्या केंद्रावर जाऊ लागला. रांगेत रात्र-रात्र बंड्या उभ्या राहत, चुकारा हप्त्याहप्त्यानं मिळे, पण हमीचा मिळे. मोठेबाबांचा या योजनेबद्दलचा एकंदर अभिप्राय छापण्यासारखा नाही, तरी क्लबाची पहिली विलोची बॅट तिच्याच पैशाची. बापानं चुकारा मोजून घरी आणला की त्या रात्री पोरानं विषय काढायचा. दुसऱ्या दिवशी काढला तर किराणावाला आधी पोचलेला असे.

गुरुजींची वही इथून सुरू होते. २४ ऑगस्ट १९७१ला ओव्हलवर भारत जिंकला, चंद्रशेखरनं ३८ धावांत ६ बळी घेतले. निंदणीचे दिवस होते. गावात ग्रामपंचायतीचा रेडिओ आणि दोन-चार खाजगी. गुरुजी नुकतेच शिक्षक झालेले. गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेनंतर त्यांनी उभं राहून स्कोअर वाचून दाखवला, आणि एका वृद्ध प्रचारकानं त्यानंतर सवयीनं 'गुरुदेव की जय' म्हटलं, सर्वांनी साथ दिली. पऱ्हाटी निघेपर्यंत उत्साह टिकला ही त्यातली विशेष गोष्ट. होळीला सभा झाली, कप्तान निवडला, वही घातली.

आणि लगेच पुढच्या उन्हाळ्यात वहीची पानं कोरी आहेत. १९७२चा पाऊस दगा देऊन गेला. १९७३च्या एप्रिल-मेमध्ये सगळा क्लब, कप्तानासकट, रस्त्याच्या कामावर खडी फोडत होता. वावरं त्या साली लवकर मोकळी झाली होती, पाहिजे तेवढी. गुरुजी ती कोरी पानं उलटताना बोलत नाहीत, फक्त अंगठा थुंकीनं ओला करून पुढे जातात. मला त्या वहीत सगळ्यांत भरवशाची नोंद तीच वाटते.

एक गोष्ट दोघांच्याही तोंडून सरळ निघत नाही. क्लबाचा पहिला खरा गोलंदाज बौद्धपुऱ्यातला होता. उंच, डावखुरा, अनवाणी. अकोटकडच्या एका गावाविरुद्ध त्यानं सात गडी बाद केले. कोणाचा पाय कुठे होता, कोणता चेंडू कुठे पडून कसा वळला, हे मोठेबाबा आजही हातातल्या तंबाखूच्या डबीनं करून दाखवतात. मी विचारलं, सामन्यानंतर चहा व्हायचा तो त्याला त्याच कपात मिळे का? मोठेबाबा म्हणाले, "आता येवढं जुनं कोनाले याद रायते?"

त्या गोलंदाजाच्या मुलानं सांगितलं. तो अकोल्यात नोकरीला आहे. बाप खेळायला जाताना पिशवीत जर्मनचा पेला घेऊन जाई, घरी आल्यावर खुंटीला टांगे. पोराला वाटे, सगळेच नेत असतील. पालवणकर बाळू १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून जास्त बळी घेऊन आले, त्याआधी पुण्यात त्यांना चहा मैदानाबाहेर, वेगळ्या भांड्यात मिळे, हे आता पुस्तकांत आहे. आमच्या गावातलं कुठल्याच वहीत नाही. १९७२च्या यादीत मात्र आमच्या गोलंदाजाचं नाव तिसरं आहे, मळ्यातल्या दोन पाटलांच्या पोरांच्या खाली आणि गुरुजींच्या वर, आणि पुढे 'उपकप्तान' असं लिहून खाली रेघ मारलेली आहे. ही रेघ तुम्हीच मारली का, असं मी गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, "भांडून मारली." कोणाशी, ते त्यांनी सांगितलं नाही. मोठेबाबा शेजारीच बसले होते आणि त्या दिवशी त्यांना खरोखरच काही ऐकू येत नव्हतं.

१९८७च्या ३१ ऑक्टोबरला गुरुजींनी शाळेत रजा टाकली आणि दोघा शिष्यांना घेऊन रेल्वेनं नागपूर गाठलं. विश्वचषक, भारत विरुद्ध न्यूझीलंड. त्या एका दिवसात सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर चेतन शर्मानं ओळीनं तिघांच्या दांड्या उडवल्या, विश्वचषकातली पहिली हॅट्‌ट्रिक, आणि गावसकरनं एकदिवसीय सामन्यांतलं आपलं एकमेव शतक काढलं. गुरुजी परत आले ते आठवडाभर घसा बसवून. पुढच्या होळीला गावातलं प्रत्येक पोर फक्त दांड्यांवर टाकत होतं. आमच्या दांड्या तुराट्यांच्या. एका संध्याकाळी पेंडी संपली, आणि पुढचा सामना चपलांच्या ढिगाला दांड्या मानून झाला.

पुढे शेती बदलली आणि खेळ तिच्यामागे गेला. सोयाबीन आलं, त्यामागे हरभरा. २००२नंतर बीटी कापूस आला. पाण्याची जरा सोय असलेल्यांनी पऱ्हाटी न उपटता फरदड ठेवायला सुरुवात केली. मार्च उजाडला तरी वावर मोकळं नाही. क्लब या वावरातून त्या वावरात, तिथून पांदणीच्या कडेला, शेवटी ई-क्लासच्या जमिनीवर गेला. ही गुरांच्या चराईची सरकारी जागा, म्हणजे सगळ्यांची, म्हणजे ज्याची काठी लांब त्याची. एका कोपऱ्यात अतिक्रमणाचं वखर दरवर्षी एक तास आत सरके. आमचा मिडविकेटचा धुरा याच हिशेबानं जवळ येत गेला. गावात नव्या पिढीतले षटकार वाढले त्यात हाही एक भाग आहे, असं मोठेबाबा म्हणतात, आणि मला ते पटतं.

याच काळात लेदर सुटलं आणि टेनिस बॉल आला. जुन्यांनी नाकं मुरडली. मी त्यांच्या बाजूचा नाही. टेनिस बॉलला पॅड लागत नाहीत, बारदान लागत नाही, भेगा चालतात. खेळायला फक्त माणसं लागतात, आणि कधी नव्हे ती दोन पुऱ्यांची पोरं एकाच ताटलीतून पोहे खाताना मी याच स्पर्धांत पाहिली. खुले सामने सुरू झाले. प्रवेश फी, रोख बक्षीस, पुढाऱ्याच्या फोटोचा फ्लेक्स, आणि भोंग्यावरचं वर्णन. या वर्णनाला तोड नाही. "आला, आला, पाह्यजा, बाहीवर आठ नंबर अन् मागच्या तीन सामन्यात रन दोन! उचलला बॉल... गेला... धुऱ्यापार! थेट सरपंचाच्या तुरीत! सरपंच, तूर मोजून घ्या जा!"

पण हा रस्ता विदर्भाच्या संघाकडे जात नाही. तो रस्ता अकोला शहरातून, लेदरच्या चेंडूवरून जातो. २०१७चा हिवाळा मला त्यासाठी लक्षात आहे. त्या खरिपात गुलाबी बोंडअळीनं कापूस पोखरला. वेचायला गेलेल्या बायका बोंड उघडून तशीच टाकून देत होत्या. गावात दुसरा विषय नव्हता. आणि डिसेंबरात तो निघाला. विदर्भानं कोलकात्यात कर्नाटकाला पाच धावांनी हरवून पहिल्यांदा रणजीची अंतिम फेरी गाठली. इंदूरला दिल्लीशी गाठ होती. फैज फजलच्या संघात एका एकोणीस वर्षांच्या वेगवान गोलंदाजाला थेट अंतिम सामन्यात पदार्पण मिळालं: आदित्य ठाकरे, आपल्या अकोल्याचा. त्या सामन्यात रजनीश गुरबानीनं हॅट्‌ट्रिक घेतली, अक्षय वाडकरनं शतक केलं, विदर्भानं ५४७ धावा केल्या आणि १ जानेवारी २०१८ला नऊ गड्यांनी करंडक जिंकला. पहिल्या रणजी मोसमाला साठ वर्षं झाली होती. त्याच महिन्यात कूचबिहार करंडकाच्या अंतिम सामन्यात विदर्भाच्या पोरांकडून अथर्व तायडेनं ३२० धावा काढल्या. तोही अकोल्याचा.

मोठेबाबांनी ओट्यावर बसून सगळ्यांना पेढे दिले. कापूस गेला होता, पेढे उधारीचे होते. पुढे अथर्व आयपीएलमध्ये गेला, अमरावतीचा जितेश शर्मा भारताकडून खेळला, तसे हे पेढे वाढत गेले. २०२३च्या मे महिन्यात धरमशाळेला अथर्व ५५वर नाबाद असताना संघानं त्याला माघारी बोलावलं, तेव्हा मात्र मोठेबाबा दोन दिवस जेवताना चिडलेले. "आउट नाही, दुखलं-खुपलं नाही, अन् घरी ये म्हनते? कोनत्या वहीत लिवलं असं?" गुरुजींनी नियम समजावून सांगितला. वही त्यांच्याकडेच होती.

बोंडअळीनं एक मात्र केलं. कृषी खात्याची माणसं गावोगाव सांगत फिरली की फरदड ठेवू नका, डिसेंबरअखेर पऱ्हाटी काढून टाका. काहींनी ऐकलं. वावरं पुन्हा लवकर मोकळी होऊ लागली, आणि कापसाच्या एका किडीवर कोणी नफा मिळवला असेल तर तो आमच्या क्लबानं. आता पोरांच्या डोक्यात वेगळंच शिरलं आहे. अर्धी पुण्यात कामाला, होळीला येतात ती कंपनीचे टी-शर्ट आणि मोठे बेत घेऊन. यंदा ठराव आणला: ई-क्लासच्या जागेवर ग्रामपंचायतीकडून कायमचं मैदान मागायचं, मधे लाल माती आणून खरीखुरी खेळपट्टी करायची आणि शाळेच्या पोरांना हिवाळ्यात लेदरवर खेळवायचं. कोणी अकोल्याहून जुना रोलर मिळतो का विचारून आलं. लाल मातीच्या ट्रॉलीचा भाव काढला.

ग्रामसभेला मोठेबाबा खुर्चीवर होते. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पानी कोनतं टाकसान?"

पोरं गप्प झाली. विहिरीचं टाकलं तर काय होतं ते वहीत आहे. गोडं पाणी येतं ते वान धरणावरून, चौऱ्याऐंशी खेडी योजनेच्या नळानं, आणि त्याचा फेरा लागतो तेव्हा लागतो. एक इंजिनिअर झालेला पोरगा उठला. त्यानं हिशेब सांगितला, खेळपट्टीला रोज किती लिटर, टाकी केवढी, खर्च किती. हिशेब बरोबर होता. मागून बचत गटाच्या अध्यक्षीण बाई उभ्या राहिल्या.

"आमच्या गुंडात आठ-आठ दिवस पानी येत नाही, अन् तुमच्या पिचले रोज पाह्यजे? लिवा मंग रजिस्टरात. पयले गावाचा नळ, मंग तुमची बॅट. अन् मैदान झालं तं आमच्या पोरीबी खेयतीन, तेही लिवा."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला आणि लाल वही मागवली.